एका घराचं एकच नाक

नळाच्या पाण्याला वास येतोय ही बातमी सेक्रेटरींच्या घरात सगळ्यात शेवटी कळली ती खुद्द सेक्रेटरींना. घरात माणसं दोनच, त्यामुळे शेवटचा नंबर म्हणजे दुसराच नंबर. पण बारा बिऱ्हाडांच्या इमारतीच्या सेक्रेटरीला स्वतःच्या स्वयंपाकघरातली तक्रार दुसऱ्या कुणीतरी सांगावी, हे काही त्यांना बरं वाटलं नाही.

"अहो, पाण्याला वास येतोय," बायको म्हणाली आणि तिने पेला पुढे केला.

सेक्रेटरींनी पेला नाकाशी नेला. डोळे मिटले, भुवया एकत्र आणल्या, एकदा लांब आणि दोनदा आखूड असं हुंगलं, आणि डोळे उघडून गंभीरपणे म्हणाले, "हं. येतोय खरा."

हे साफ खोटं होतं. सेक्रेटरींना वास आला नव्हता. त्यांना कसलाच वास येत नव्हता, आणि हे काही आजचं नव्हे, गेली चार वर्षं येत नव्हता. चार वर्षांपूर्वी त्यांना एक ताप आला, आठ दिवस मुक्काम ठोकून बसला आणि जाताना त्यांचं हुंगणं बरोबर घेऊन गेला. पहिल्या आठवड्यात त्यांना वाटलं, येईल परत. महिनाभर वाटलं, येईल. मग सांगायची वेळच निघून गेली. कारण त्या महिन्यातही ते रोज, बायकोने पातेल्याचं झाकण उचललं रे उचललं की, "वा! काय सुवास सुटलाय!" म्हणत होते. लग्नापासूनची सवय ती. आता मध्येच कुठल्या तोंडाने सांगणार, की बाई गं, गेल्या महिन्यातली सगळी वाहवा पोकळ होती? महिन्याचं वर्ष झालं, वर्षाची चार झाली. बाकी जगाला कळलं असतं तरी सेक्रेटरींनी ते एक वेळ पचवलं असतं. तिला मात्र कळता कामा नये. इतक्या हौसेने रांधणाऱ्या बाईला, आपला नवरा चार वर्षं नुसत्या झाकणाच्या आवाजावर वाहवा करतोय हे कळलं, तर तिला काय वाटेल?

"कसला वास म्हणायचा हा?" बायकोने विचारलं.

"तुला कसला वाटतो?"

"मला तर अंडं सडल्यासारखा वाटतो."

"अगदी माझ्या मनातलं बोललीस," सेक्रेटरी म्हणाले आणि पेला घाईघाईने खाली ठेवला.

आता खरं तर इथेच एखादा माणूस प्लंबरला बोलावून मोकळा झाला असता. पण सेक्रेटरींचा स्वभाव पडला रीतीचा. नोकरी छापखान्यात, तीही फॉर्म छापणाऱ्या. जन्माच्या दाखल्यापासून मृत्यूच्या दाखल्यापर्यंत माणसाला जे जे भरावं लागतं, त्याची प्रुफं यांच्या टेबलावरून जातात. त्यामुळे कुठल्याही गोष्टीला आधी चर्चा, मग अर्ज आणि मग शेवटी इलाज, असा त्यांचा क्रम ठरलेला. त्यांनी जिन्यात उभं राहून शेजाऱ्यांचा सल्ला घेतला.

तळमजल्यावर निवृत्त दंतवैद्य राहतात. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पाण्याला नसतो हो वास. दहापैकी नऊ वेळा तो ज्याच्या त्याच्या तोंडाचा असतो. वहिनींना म्हणावं, सकाळ-संध्याकाळ चुळा भरा."

"कुठल्या पाण्याने?"

"नळाच्या. दुसरं कुठलं पाणी आहे आपल्याकडे?"

समोरच्या बिऱ्हाडातले विमा एजंट मात्र लगेच पेटून उठले. "अहो, वास तर आमच्याही पाण्याला येतोय!"

"कधीपासून?"

"हे काय, आत्ता तुम्ही म्हणालात तेव्हापासून लक्षात येतंय. एकट्याच्या अर्जाला काळं कुत्रं विचारत नाही, सेक्रेटरी. सामूहिक द्या. मी सगळ्यांच्या सह्या आणतो." विमावाल्यांना सह्या घ्यायची इतकी सवय, की कशावर घेतोय हा विचार त्यांना नंतर सुचतो.

सह्या गोळा होईपर्यंत घरगुती उपाय सुरू झाले. कुणी म्हणालं पाण्यात लिंबाची साल टाका, कुणी म्हणालं फडक्यात कोळसा बांधून सोडा, कुणी तुरटी फिरवायला सांगितली. सेक्रेटरी कुणाचं मन मोडणारे नव्हेत. त्यांनी एकाच पिंपात साल टाकली, कोळसा सोडला आणि तुरटीही फिरवली. पाणी राखाडी झालं. बायकोने ते हुंगलं आणि म्हणाली, "आधी नुसता वास यायचा. आता त्याच्यावर लिंबू पिळलंय."

शेवटी प्लंबर आला. त्याने नळाकडे तुच्छतेने पाहिलं आणि विचारलं, "कुणी बसवला हो हा?"

"तुम्हीच बसवलात."

"तरीच टिकलाय," तो म्हणाला आणि नळ काढून दुसरा बसवला. वास होता तिथेच राहिला. नवा नळ तेवढा गळायला लागला. म्हणजे आता वास चोवीस तास थेंबाथेंबाने येऊ लागला.

तेव्हा मग अर्ज. पाणी कार्यालयाच्या खिडकीवर सेक्रेटरींच्या हातात फॉर्म पडला, आणि त्यांचा चेहरा उजळला. तो त्यांच्याच छापखान्याचा होता! त्याचं प्रूफ त्यांनीच तपासलं होतं. खिडकीमागच्या कारकुनाला त्यांनी तसं सांगितलंही. कारकून म्हणाला, "मग भरा पटकन. मागे लाइन आहे."

फॉर्ममध्ये एक रकाना होता: 'वासाचे स्वरूप. मातकट, कुजकट, औषधी, गंजाचा, इतर. योग्य तिथे खूण करावी.' आणि त्याच्याखाली ठळक अक्षरांत कलम नऊ: 'वासाची पडताळणी प्रयोगशाळेत स्वाक्षरी करणाऱ्यांनी समक्ष करावयाची आहे. एका घराचे एकच नाक ग्राह्य धरले जाईल.' हे कलम सेक्रेटरींनी तीन वेळा तपासलं होतं, आणि त्याचा अर्थ काय हा विचार त्यांच्या मनाला शिवलाही नव्हता. प्रुफं तपासणारा माणूस अर्थाच्या भानगडीत पडत नाही. ते त्याचं खातं नव्हे. आज मात्र अर्थ डोक्यात शिरला. पण तोवर त्यांनी घराच्या वतीने स्वतःचं नाव घालून, वळणदार सही ठोकलेली होती.

"मी जाते ना प्रयोगशाळेत," घरी आल्यावर बायको म्हणाली. "वास मला येतोय."

"म्हणजे मला येत नाही की काय?" सेक्रेटरी एकदम खेकसले.

"असं कुठे म्हटलं मी?"

"अर्जावर नाव माझं आहे. एका घराचं एकच नाक. नियम आहे तो."

बायकोने त्यांच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, एवढंच.

ठरलेल्या मंगळवारी सह्या करणारी मंडळी प्रयोगशाळेत हजर झाली. दंतवैद्य होते, विमावाले होते, आणखी चौघे होते, आणि रात्रभर 'सडलेलं अंडं, सडलेलं अंडं' असा जप करून आलेले सेक्रेटरी होते. प्रयोगशाळेच्या प्रमुख एक बाई होत्या. पांढरा कोट, चष्मा दोरीला, आणि बोलणं एकदम मुद्द्याचं.

"पाण्यात काय काय आहे ते यंत्र सांगतं," बाई म्हणाल्या. "वास कसा आहे ते कुठलंच यंत्र सांगत नाही. त्याला माणूसच लागतो. आणि आमची नाकं म्हणाल, तर वीस वर्षं या बाटल्या हुंगून ती केव्हाच कामातून गेली. म्हणून तर तुम्हाला तसदी दिली. पण आधी तुमच्या नाकांची परीक्षा."

टेबलावर पाच चंबू मांडले होते, प्रत्येकावर काचेची चकती. एकेकाने आत जायचं, चकती सरकवायची, हुंगायचं आणि कागदावर लिहायचं. दंतवैद्य गेले आणि विजयी मुद्रेने बाहेर आले. विमावाले गेले, ते तर तोंडावर रुमाल धरूनच परतले. "काय सांगू सेक्रेटरी," ते हळूच म्हणाले, "तिसरा हुंगूच नका. मेलेला उंदीर."

सेक्रेटरी आत गेले. पहिला चंबू हुंगला: काही नाही. दुसरा: काही नाही. मेलेल्या उंदराचा तिसरा: तरीही काही नाही. त्यांना दरदरून घाम फुटला. कशाला काय लिहावं? एकाला अंडं लिहिलं आणि नेमका तो मातीचा निघाला तर? सगळ्यांच्या देखत शोभा होणार, विमावाले ती बातमी संध्याकाळच्या आत बारा बिऱ्हाडांत पोचवणार आणि बायकोला कळणार. शेवटी त्यांनी विचार केला, जे व्हायचं ते होऊ दे. आणि त्यांनी पाचही चंबूंपुढे, चार वर्षांत पहिल्यांदाच या विषयावर खरं बोलत, लिहिलं: 'वास येत नाही.'

बाईंनी कागद गोळा केले. वाचता वाचता त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग शेवटचा कागद हातात आला आणि त्या खुर्चीवरून उठल्याच.

"हे कुणी लिहिलं?"

सेक्रेटरींनी अपराध्यासारखा हात वर केला.

"पाचही चंबूंत शुद्ध केलेलं पाणी होतं," बाई म्हणाल्या. "यांना त्यात उंदीर सापडला, यांना गंज, यांना औषध. आणि या एका गृहस्थांनी, कुणाच्या सांगण्याला न भुलता, जे आहे ते लिहिलं. अकरा वर्षं मी ही चाचणी घेतेय. असं नाक पाहिलं नाही."

विमावाल्यांनी रुमाल हळूच खिशात घातला. दंतवैद्यांनी पुन्हा एकदा सांगून पाहिलं की हा दोष तोंडाचाही असू शकतो, पण त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. सगळी मंडळी सेक्रेटरींच्या नाकाकडे पाहत होती. आता माणूस म्हटला की तो विरघळतोच हो. चार वर्षं ज्या अवयवाची लाज वाटली, त्याचं भर प्रयोगशाळेत कौतुक झालं. सेक्रेटरींची मान आपोआप ताठ झाली.

"आता तुमच्या घरचा खरा नमुना," बाई म्हणाल्या. "बाकी सगळे बाद. निकाल तुम्ही एकट्यानेच द्यायचा."

शिपायाने बाटलीतलं पाणी चंबूत ओतलं, चकती झाकली आणि तो बाहेर गेला. सेक्रेटरींनी चकती सरकवली. हुंगलं. अर्थातच काही नाही. मग त्यांनी डोकं लढवायला सुरुवात केली, आणि तिथेच सगळं बिघडलं. 'घरचं पाणी आहे, म्हणजे अंडं म्हणायला हवं. पण बाई हुशार आहेत. मघाशी पाच वेळा फसवलं, तर सहाव्यांदा का नाही फसवणार? आणि आत्ता अंडं म्हणालो आणि ते शुद्ध निघालं, तर एवढं मिळवलेलं नाव मातीत जाईल.' सेक्रेटरींनी चकती जागेवर ठेवली आणि तज्ज्ञाच्या थंडपणाने म्हणाले, "वास नाही."

बाईंनी लिहून घेतलं, शिक्का मारला आणि कागद त्यांच्या हातात दिला. वर आणखी एक विनंती केली: प्रयोगशाळेच्या कायमच्या वासमंडळावर त्यांनी यावं, दर मंगळवारी. ओळखपत्र पुढच्या खेपेला देऊ, फोटोसहित.

घरी येईपर्यंत सेक्रेटरी जमिनीपासून बोटभर वर चालत होते. कागद नीट वाचला तो दारात, बायकोसमोर, आणि तोही मोठ्याने. 'सदर पाण्यास कोणताही वास नसल्याचे अर्जदाराने स्वतः प्रमाणित केले आहे. घरातील अन्य व्यक्तीस वास जाणवत असल्यास तो भास समजावा.'

शेवटचं वाक्य वाचताना त्यांचा आवाज जरा खाली आला.

"भास?" बायको म्हणाली.

"छापील मजकूर असतो तो. सगळ्यांनाच देतात."

"तुम्ही वास घेतलात ना? नीट?"

"घेतला."

"आणि खरंच नाही आला?"

"खरंच नाही आला," सेक्रेटरी म्हणाले. याच्याइतकं खरं वाक्य ते चार वर्षांत तिच्याशी बोलले नव्हते.

त्यानंतरचा आठवडा मोठा विचित्र गेला. जिन्यात सेक्रेटरींचा मान वाढला. कुणी त्यांच्याकडे दूध हुंगायला आणलं, कुणी नव्या रंगाची खोली दाखवायला नेलं, आणि त्यांनी सगळीकडे 'वास नाही' असाच निकाल दिला. लोक खूश होऊन परत गेले. एका बिऱ्हाडात त्या निकालावर नासकं दूध प्याले आणि दोन दिवस झोपून राहिले, पण त्यांनीही दोष दिला तो दुधाला. वहिनींची मात्र सगळ्यांनी कीव करायला सुरुवात केली. "वहिनी, मनाला लावून घेऊ नका," विमावाले म्हणाले, "भास कुणालाही होतो. मला स्वतःला उंदराचा झाला होता." दंतवैद्यांनी तर चुळा दिवसातून चार वेळा करायला सांगितल्या.

बायको पाण्याबद्दल बोलेनाशी झाली. पेला भरला की ती आता नाकाशी नेत नसे. श्वास रोखून एका घोटात पिऊन टाकायची. तुम्ही म्हणाल, बरं झालं, कटकट मिटली. सेक्रेटरींनाही दोन दिवस तसंच वाटलं. तिसऱ्या दिवशी दुपारी ते छापखान्यातून लवकर घरी आले, तर ती स्वयंपाकघरात पाठमोरी उभी. गॅसवर काही नव्हतं, हातात काही काम नव्हतं. ती आपल्या तळहातावर नळाचं पाणी घेत होती, हुंगत होती आणि सांडून देत होती. पुन्हा घेत होती, हुंगत होती. मग तिने कॉफीचा डबा उघडून हुंगला. साबण हुंगला. स्वतःचा पदर हुंगला. त्यांची चाहूल लागली तशी ती दचकली आणि ओशाळून हसली.

"काही नाही हो," ती म्हणाली. "सगळ्याचे वास बरोबर येतायत का ते बघत होते. मेलं, स्वतःच्याच नाकावर विश्वास राहिला नाही."

सेक्रेटरींना तिथल्या तिथे सांगून टाकावंसं वाटलं. त्यांनी तोंड उघडलंही. पण बाहेर आलं ते एवढंच, "चहा घेऊया का?" स्वतःचा असा राग त्यांना जन्मात आला नव्हता. बायकोला फसवलं ते फसवलं, वर तिच्यावर खोटेपणाचा शिक्का मारून आणला, आणि तो मिरवला!

पुढच्या मंगळवारी ते वासमंडळावर गेले. ओळखपत्र मिळणार म्हणून दंतवैद्य आणि विमावाले टाळ्या वाजवायला बरोबर आले होते. बाईंनी ओळखपत्र पुढे केलं. सेक्रेटरींनी ते घेतलं नाही.

"बाई, मला वास येत नाही," ते म्हणाले.

"आज अजून काही हुंगायला दिलेलंच नाही."

"आज नव्हे. मला कधीच येत नाही. कशाचाच नाही. चार वर्षं झाली. मागच्या वेळी मी खरं लिहिलं ते योगायोगाने. आमच्या पाण्याला वास आहे. माझ्या बायकोला येतोय तो वास खरा आहे. तो भास तेवढा कागदावरून काढा."

विमावाल्यांचे टाळीसाठी उचललेले हात तसेच राहिले.

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "प्रमाणपत्र मागे घ्यायची तरतूद नाही. तुम्हाला वास येत नाही याला पुरावा काय?"

"पुरावा मी कुठून आणू? न येणारा वास दाखवू कसा?"

बाईंनी थोडा विचार केला. नियमाप्रमाणे प्रत्येक नमुन्याची दुसरी बाटली सीलबंद करून ठेवलेली असते, ती त्यांनी मागवली आणि सेक्रेटरींच्या नाकाखाली धरून बूच काढलं. आठवडाभर कोंडलेलं पाणी ते. दंतवैद्य दोन पावलं मागे सरले. विमावाले खिडकीकडे धावले, आणि या वेळी कुणाच्या सांगण्यावरून नव्हे. तेवढ्यात फाइल घेऊन खिडकीवरचा कारकून आत आला आणि दारातच नाक दाबून ओरडला, "अहो, कोण काय सडवतंय इथे? अंडी आहेत का?"

या सगळ्या धावपळीत सेक्रेटरी खुर्चीवर हात जोडून, नम्रपणे बसले होते. "उघडली का बाटली?" त्यांनी विचारलं.

बाईंनी बूच लावलं आणि प्रमाणपत्रावर लाल रेघ मारली. "उद्या मी स्वतः येते," त्या म्हणाल्या. "तुमच्या मिसेसना घरी थांबायला सांगा. मला त्यांचं नाक लागेल."

सेक्रेटरी परत निघाले ते पायी. विमावाले स्कूटरवरून केव्हाच पुढे गेले होते, आणि कशासाठी गेले होते हे सांगायला नको. जिना चढताना त्यांना प्रत्येक पायरी उंच वाटली. दार उघडंच होतं. बायको कट्ट्याशी उभी राहून कांदा चिरत होती.

"कळलं?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"कळलं. भाऊजी सांगून गेले. दोनदा."

"मग?"

"मग काय? मला चार वर्षांपासून माहीत आहे."

सेक्रेटरींनी दाराची चौकट धरली.

"ताप उतरल्यावर महिन्याभराने," ती सुरी न थांबवता म्हणाली, "मी पातेल्यात सोडा घालून ओट्याची फडकी उकळायला ठेवली होती. झाकण उचललं, आणि तुम्ही बाहेरून म्हणालात, 'वा! आज काय विशेष?'"

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? मी बोलले असते तर तुम्ही वाहवा बंद केली असती. मलाही ती हवीच होती ना." तिने डोळे मनगटाने पुसले, कांदा होता समोर, त्यामुळे नक्की काही सांगता येत नाही. "राग आला तो त्याचा नाही. तुम्ही तो कागद वाचलात तेव्हा मला वाटलं, यांचं नाक परत आलं! इतका आनंद झाला होता मला. मग वाटलं, यांचं आलं आणि आता माझं गेलं. आठवडाभर दोन्ही गोष्टी एकदम वाटत होत्या. ते मात्र फार वाईट केलंत."

"चुकलो गं," सेक्रेटरी म्हणाले. सगळ्या आयुष्यात त्यांनी हा शब्द एवढ्या हळू आवाजात आणि बिनशर्त कधी उच्चारला नव्हता.

"बसा आता. पाय दुखले असतील."

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या बाई आल्या. जिन्यात सगळी इमारत जमली. बायको पुढे, बाई मागे, अशी मिरवणूक स्वयंपाकघरातून निघाली. बायको नळाशी थांबली, पाइपवर वाकली, भिंतीच्या कडेकडेने हुंगत बाथरूममध्ये शिरली आणि वर बोट दाखवून म्हणाली, "इथून."

वर माळ्यावर टाकी होती. आता ही टाकी काय प्रकरण ते सांगायला हवं. पाणी गेलं तर इमारतीची गैरसोय होऊ नये म्हणून सेक्रेटरींनी सेक्रेटरी झाल्या झाल्या ती बसवून घेतली होती, 'आपत्कालीन व्यवस्था' असं पत्र्यावर रंगवून. आपत्काल काही आला नाही. टाकी भरलेलीच राहिली, झाकण लावलेलं राहिलं, आणि तिची तोटी सडून आतलं ते चार वर्षांचं पाणी गुपचूप घरच्या नळात उतरत होतं. रोज सकाळी तिच्याच खाली उभं राहून सेक्रेटरी दाढी करायचे. प्लंबरने झाकण काढलं तेव्हा जिना क्षणात रिकामा झाला. विमावाले तर थेट फाटकापर्यंत गेले. खाली उभे राहिले ते एकटे सेक्रेटरी, बादली धरून. ते काम दुसऱ्या कुणाला जमलंच नसतं, हे मात्र सगळ्यांनी नंतर कबूल केलं.

टाकी उतरवली, तोटी बंद केली, पाइप धुऊन काढले. बाई बायकोला म्हणाल्या, "वासमंडळाची जागा तुमची." बायकोने विचार करून सांगते म्हटलं. संध्याकाळी घरात दोघंच उरली. तिने नळ सोडला, पेला भरला आणि नाकाशी नेला.

सेक्रेटरी समोर उभे होते. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांनी हुंगल्यासारखं केलं नाही, सरळ विचारलं, "कसा आहे गं वास?"

तिने डोळे मिटून पुन्हा एकदा पाहिलं. "नाहीच."

"नाहीच म्हणजे? कसं वाटतं ते?"

बायको हसली. तिने पेला त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "तुम्हाला येतो ना, अगदी तस्साच."